कान, गोगलगाय आणि आईचा नव्वदावा

क्राइटेनबाख,
शुक्रवार, मार्च, बाहेर गारा

तीर्थस्वरूप एवाल्डदादास,

धाकट्या रोसविताचा कंबर धरून नमस्कार. (वाकवलं तेवढी वाकले, उरलेलं तू मनाने पूर्ण करून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? फ्लेन्सबुर्गला समुद्रावरचा वारा थेट हाडांत शिरतो असं ऐकते. मी विणून पाठवलेल्या लोकरीच्या पट्ट्या बांधतोस, की वाळत घातल्यासारख्या खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवतोस? कारिनाला आणि जावईबापूंना नमस्कार-आशीर्वाद, ज्याला जे लागू पडेल ते. इकडे ठीक आहे. लोरेन्झचा रक्तदाब आटोक्यात आहे, नवरा अजून नाही. आईचे डोळे आता खिडकी कुठे आणि भिंत कुठे एवढंच सांगतात, पण डोळ्यांनी टाकून दिलेलं सगळं काम कानांनी अंगावर घेतलंय. परवा मी सूपमध्ये दुसऱ्यांदा मीठ घातलं ते तिने तिच्या खोलीतून ऐकलं. तेव्हा तिची काळजी नको. करायचीच तर माझी कर, कारण माझं काही खरं नाही.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोन आईच्या खुर्चीला लागून आहे, आणि जे सांगायचंय ते तिच्या कानावर जाता कामा नये. म्हणून टपालाच्या गाडीत, मांडीवर थैली घेऊन, गारा थांबायची वाट बघत लिहिते आहे. अक्षर वाकडं दिसलं तर दोष थैलीचा.

येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी आईला नव्वद होतात. आपल्या गावात त्याचा अर्थ काय ते तुला ठाऊकच आहे. (कारिना हे पत्र वाचत असेल तर तिच्यासाठी सांगते: पोरी, तू शहरात वाढलीस. इकडे माणसाने ऐंशी ओलांडले की दर वाढदिवसाला चर्चचा पितळी वाद्यांचा ताफा सकाळीच त्याच्या अंगणात उभा राहतो. वाढदिवसवाल्याने भजनांच्या पुस्तकातला कुठलाही आकडा सांगायचा आणि ताफ्याने ते पान उघडून तिथल्या तिथे वाजवायचं. मग घरच्यांनी सगळ्यांना तळलेले गोड क्युखले आणि ग्लासभर कडक काहीतरी द्यायचं.) बाकीची म्हातारी माणसं दयाळू असतात, नेहमीचंच काहीतरी सांगतात. आपली आई तशी नाही. ताफ्याचे म्होरके बायरलाइन गुरुजी टोपी हातात घेऊन तिला विचारायला आले, की बाबेटकाकू, यंदा काय ऐकायला आवडेल, म्हणजे आम्ही जरा आधी बघून ठेवतो. आई म्हणाली, "माहीत असलेलं ऐकवायला रेडिओ आहे की. तुम्ही पुस्तक घेऊन या." तेव्हापासून गुरुजी जेवणानंतर सोडा घेतात.

आता मूळ दुखणं. ताफ्यात खालचा सूर धरायला कोणी नाही. तू गेल्यापासून नाही. ते सगळं उकरून काढायची माझी इच्छा नाही, पण दोन ओळी लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तिच्या अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाला तू जरा भरभर वाजवलंस. आई साऱ्या अंगणासमोर म्हणाली, की हे भजन आहे का बिअरच्या मांडवातला पोल्का नाच. तू तुझा तो खालच्या सुराचा ट्युबा चर्चच्या खोलीत नेऊन ठेवलास, तोंडाला लावायची पितळी वाटी तेवढी खिशात घातलीस आणि उत्तरेला निघून गेलास. (आपल्या देशात त्याहून उत्तरेला जायचं म्हटलं तर जागाच उरत नाही, डेन्मार्क लागतो.) त्यानंतर तिने तुझं नाव काढलं नाही आणि तू तिचं. दोघंही एकाच मातीचे. फक्त तिने एक हुकूम सोडला: तो ट्युबा आधी बाबांचा होता, मग एवाल्डचा, तिसऱ्या कोणी त्याला तोंड लावायचं नाही.

आणि तो तिसरा कोणी म्हणजे मी.

झालं असं, की जानेवारीत गुरुजी तुझा ट्युबा ढकलगाडीत घालून, वर बटाट्याचं पोतं पांघरून, मागच्या दाराने आमच्याकडे आले. मला वाटलं बटाटेच आणलेत, मी टोपली घेऊन गेले. गुरुजी म्हणाले की खालचा सूर नसला तर आपला ताफा म्हणजे पाय नसलेलं टेबल, बाबेटकाकूंसमोर तसं उभं राहायची माझी हिंमत नाही. मग हळूच विचारलं, "रोसविता, तुला कान वाचता येतो ना गं?" आणि दादा, माझ्या तोंडून निघून गेलं, "येतो की."

हे मी का बोलले याचा मी टपालाच्या सगळ्या फेऱ्यांमध्ये विचार केलाय. (कारिना, पुन्हा तुझ्यासाठी: स्वर लिहायच्या पाच ओळींच्या सुरुवातीला एक खूण असते, तिला क्लेफ म्हणतात. कुठल्या ओळीवर कुठला स्वर बसलाय ते त्या खुणेवरून ठरतं. खूण बदलली की सगळ्यांची घरं बदलतात. लहानपणी तुझ्या बाबांनी आणि मी त्या खुणांना नावं ठेवली होती. उंच वाद्यांची ती पिळदार खूण म्हणजे गोगलगाय, खालच्या वाद्यांची ती दोन ठिपकेवाली म्हणजे कान, आणि व्हायोलाची म्हणजे दाराची बिजागरी.) सोमवारी गावच्या बँडमध्ये मी टेनरहॉर्न वाजवते, तिथे गोगलगाय. बुधवारी डॉक्टरीणबाईंच्या घरी आम्ही चौघी जमून तंतुवाद्यं घासतो, तिथे माझ्याकडे व्हायोला, म्हणजे बिजागरी. दोन खुणा येतात, मग तिसरी काय मोठी, असं मला वाटलं. दोन सवतींचा संसार चालवणाऱ्या माणसालाही असंच वाटत असणार.

दादा, तुला सांगते, एक ठिपका असतो. खालून दुसऱ्या ओळीवर बसलेला, साधा, गरीब, काळा ठिपका. सोमवारी तो गे नावाचा स्वर. (आणि टेनरहॉर्नवर गे लिहिलेला असला तरी वाजतो दुसराच स्वर, पण तो गुंता आता नको, मला चक्कर येते.) बुधवारी त्याच ठिपक्याचं नाव ‘आ’, गेच्या पुढचा स्वर. गुरुवारी, ताफ्याच्या तालमीत, त्याचंच नाव ‘हा’, त्याच्याही पुढचा. माणसाने आठवड्यातून तीनदा नाव बदललं तर पोलीस त्याला धरतात, ठिपक्याला कोणी विचारत नाही. शांतपणे एखादा स्वर ओळखायला मला काही अडचण नाही. पण न बघितलेलं पान समोर आलं, गुरुजींचा हात वर गेला आणि सगळे श्वास घ्यायला लागले, की माझ्या डोक्यात तिन्ही नावं एकदम दाराशी येतात आणि दारातच अडकतात. पहिला ठिपका जातो, दुसरा जातो, आणि तिसऱ्याला माझं बोट जिथे पडतं तिथे पडतं.

माझी ही अवस्था बघून गुरुजींनी मला एक युक्ती दिली. ते म्हणाले, तू कान बघूच नकोस. गोगलगाय आहे असं समज, स्वराचं नाव घे आणि दोन पायऱ्या वर चढ. गे असेल तर गे, आ, हा. झालं. मी घरी येऊन ताडून पाहिलं तर खरंच बरोबर. मग माझ्या लक्षात आलं की बिजागरीसाठी एकच पायरी चढली की पुरतं. इतकं सोपं आहे हे मला आजवर कोणी सांगितलं कसं नाही, म्हणून मला रडूच आलं. मी ठरवलं की सवय होईपर्यंत दिवसभर मनात जिने चढायचे. टपाल टाकताना चढायचे, भांडी घासताना चढायचे. बुधवारी एक, गुरुवारी दोन.

त्याचा परिणाम काय झाला तो सरकारी कानांपर्यंत जाऊ नये एवढीच प्रार्थना. बुधवारी मी गावभर सगळ्यांची पत्रं एक घर पुढे टाकली आणि गुरुवारी दोन घरं पुढे. हे मला कळलंच नाही. आधी गावाला कळलं. लोकही काय चिवट बघ, एकानेही तक्रार केली नाही. गुरुवारी दुपारी सगळे आपापल्या दारातून निघायचे, दोन घरं पुढे जाऊन आपली पत्रं आणायचे आणि दोन घरं मागच्यांची पत्रं देऊन टाकायचे. मला वाटायचं आज रस्त्यावर बरीच हालचाल आहे, ऊन पडलंय म्हणून असेल. शेवटी एकट्या राहणाऱ्या झेंगरबाईंनीच मला विचारलं की उद्या कोणता वार, कारण मला बँकेचं पत्र यायचंय, बूट घालून ठेवायचे का ते ठरवते. तेव्हा मला उलगडा झाला. त्यातच आपला गुम्ब्रेख्ट, म्हणजे गायीवाला, ताफ्यात ट्रॉम्बोन वाजवतो तो, पन्नाशी उलटली तरी अविवाहित. त्याने कुठल्याशा लग्न जुळवणाऱ्या संस्थेला लिहिलं होतं. त्या संस्थेचं उत्तर दोन घरं पुढे झेंगरबाईंकडे गेलं. चष्मा लावायच्या आधीच बाईंनी ते फोडलं, चष्मा लावल्यावर वाचलं, आणि संध्याकाळी ते घेऊन स्वतःच त्याच्या गोठ्यावर गेल्या. आता दोघं रविवारी कार्प मासा खायला बरोबर जातात. त्यामुळे गुम्ब्रेख्ट माझ्या बाजूने आहे, पण सगळीच चुकीची पत्रं अशी चांगली निघत नाहीत. मी रोज वाट बघते की वरून कोणीतरी गाडीतून उतरेल आणि मला बाजूला घेईल.

आणि इतकं करून वाजवणं सुधारलं असतं तर मी नोकरीवर पाणी सोडलं असतं. फेब्रुवारीत क्रेसेलमायर आजोबा गेले. (गिरणीवाले. तुला आठवतात, तुझ्या पोटऱ्यांना एकदा त्यांचा कुत्रा आडवा आला होता.) स्मशानात ताफा वाजवणार. बर्फ पडत होता, पान ओलं, हात गारठलेले. कोणत्या वारी पुरतात त्याला काही नियम नसतो, तो सोमवार होता. सोमवार म्हणजे माझ्या डोक्यात गोगलगाय. मी एकही जिना न चढता, ठामपणे, पहिलं कडवं पूर्ण वाजवलं. वर चार जण बरोबर वाजवताहेत आणि खाली मी. मला वाटलं बर्फामुळे आवाज विचित्र येतोय. पाद्रीबाईंनी डोळे मिटले ते उघडलेच नाहीत. दुसऱ्या कडव्याच्या आधी गुम्ब्रेख्टने माझ्या पायावर बूट ठेवला तेव्हा मला कळलं, आणि मग मी नुसती गाल फुगवून उभी राहिले. शेवटी क्रेसेलमायर आजी माझ्याकडे आल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "रोसविता, अगदी आमच्या संसारासारखं वाजवलंस बाई." त्या रडत होत्या. मग मीही रडले. कोण कशासाठी रडलं ते मला अजून नीट सांगता येणार नाही.

स्मशान आपल्या घरापासून किती लांब आहे ते तुला माहीत आहे. आईने सगळं ऐकलं. आणि इथे तुला सांगायला हवं की वाजवते ती मी, हे आईला माहीत नाही. मी तिला सांगून ठेवलंय की शेजारच्या गावातून एक माणूस खालचा सूर धरायला येतो, त्याचं स्वतःचं वाद्य आहे. तालमीला जाते तेव्हा मी बायकांच्या व्यायामाच्या वर्गाला जाते असं तिला वाटतं. (परत येते तेव्हा चेहरा लाल, दम लागलेला. ती कौतुकाने म्हणते, चांगलं दमवतात हो तुम्हाला.) त्या माणसाचा तिने जो उद्धार चालवलाय तो मी रोज जेवताना, बटाट्याचे गोळे वाढता वाढता ऐकते. त्याला म्हणावं फुंकणं सोड आणि दूध काढ. त्याला म्हणावं तुझ्या गावात कान धुवायला पाणी नाही का. त्या दिवशी तर म्हणाली, "क्रेसेलमायर मेला ते सुटला, निदान ते ऐकावं लागलं नाही त्याला." लोरेन्झला हसू आवरेना, त्याने ठसका लागल्याचं सोंग केलं आणि तेवढ्यात खराच ठसका लागला. मी मात्र मान खाली घालून म्हणाले, हो आई, सांगते त्याला. दादा, आपल्याच तोंडावर आपली निंदा ऐकायची आणि वर तिला गोळ्यांवर रस्सा वाढायचा, हे फार कठीण आहे.

बँडमधलं तर विचारूच नकोस. इतकी वर्षं जे डोळे झाकून वाजवलं, ती टेनरहॉर्नची गोगलगायसुद्धा आता बिघडली. अग्निशामक दलाच्या मिरवणुकीत सोमवारचं वाद्य हातात असून मी दोन पायऱ्या वर चढले आणि तिथेच राहिले. कूच करत निघालेली माणसं जागच्या जागी उभी राहिली. बुधवारी डॉक्टरीणबाई अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, की रोसविता, मधल्या स्वराला स्वतःचं मत असावं, पण निदान आमच्याशी संबंधित विषयावर. पूर्वी माझ्याकडे दोन खुणा तरी धड होत्या. आता तिन्ही घरांत मी पाहुणी आहे.

मला खरी भीती त्या रविवारची आहे. अंगणात सगळे उभे असतील, आई शाल घेऊन खुर्चीत बसलेली असेल. मी गुम्ब्रेख्टच्या मागे लपून उभी राहीन, ते जमेल, तो रुंद आहे. पण मग ती आकडा सांगेल. पुस्तकाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातला, कोणीच कधी न वाजवलेला. पान उघडेल, तिथे कान असेल, गुरुजींचा हात वर जाईल. आणि मी चुकले तर ती काय म्हणेल याची मला भीती नाही, तिची बोलणी मी रोज खातेच आहे. पण नव्वदाव्या वाढदिवसाला तिच्यासाठी वाजवलेलं भजन वाकडं निघालं, आणि एक्याण्णवावा आलाच नाही, तर? हे कोणाला बोलून दाखवत नाही, तुलाच लिहिते. तिचे हात हल्ली फार हलके झालेत. अंघोळ घालताना उचलते तेव्हा कळतं.

काल गुरुवारी मात्र एकदाचं जमलं. तालमीत गुरुजींनी आईचं आवडतं, सकाळचं ते भजन काढलं आणि मी पहिल्यापासून शेवटपर्यंत एक ठिपका चुकले नाही. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. गुम्ब्रेख्ट म्हणाला, मला कोणीतरी चिमटा काढा. कसं जमलं ते इथे लिहीत नाही. त्याने माझी भीती कमी झालेली नाही, उलट वाढली आहे.

तेव्हा माझी विनंती एवढीच, की तू खिशात घालून नेलेली ती पितळी वाटी टपालाने पाठवून दे. मला गुरुजींनी जी दिलीय ती जुन्या कुठल्या वाद्याची आहे, ओठाला चावते. तुला तिकडे तिचा काही उपयोग नाही, तू काय समुद्राला ऐकवतोस? आणि कान वाचायची तुझी म्हणून काही निराळी रीत असेल, जिने न चढता येण्यासारखी, तर ती दोन ओळींत लिही. बाकी काही मागणं नाही. तुझ्यावर राग नाही, आईवर नाही, कोणावरच नाही, माझ्याकडे तेवढा वेळच नाही.

कारिनाला सांग, आत्या बरी आहे. थोरांना मान, लहानांना पापा, तुला गुडघ्यांपुरती सहानुभूती.

तुझी बहीण,
रोसविता

ता. क. वाटी टपालाने पाठवू नकोस. तू पाठवशील, ती नेमकी गुरुवारी गावात पोचेल आणि मी ती दोन घरं पुढे देऊन येईन. हातानेच घेऊन ये. वाढदिवसाच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी न्युर्नबर्गहून येणाऱ्या गाडीला लोरेन्झ स्टेशनवर थांबेल. तू आला नाहीस तरी तो थांबेल, त्याला मी तसं सांगूनच ठेवलंय, त्यामुळे थंडीत त्याला किती उभं करायचं ते तू ठरव.

ता. क. २. काल कसं जमलं ते न लिहिता मला राहवत नाही. पान समोर होतं, पण मी वाचत नव्हते. लहानपणी माझा पलंग धुण्याघराच्या भिंतीला लागून होता आणि बाबा तुला रोज तिथे बसवून घोकवून घ्यायचे. तुझा खालचा सूर मी त्या भिंतीतून वर्षानुवर्षं ऐकलाय, शिव्या देत, उशी कानावर घेऊन. काल गुरुजींचा हात वर गेला, मी घाबरून डोळे मिटले आणि ते सगळं आपोआप बोटांत आलं. म्हणजे मला कान अजूनही वाचता येत नाही, दादा. तू जे घोकलंस तेवढंच मला येतं, आणि आई त्यातला आकडा सांगणार नाही, हे आपल्या दोघांनाही पक्कं ठाऊक आहे. तुला मात्र कुठलंही पान उघडून वाचता येतं. माझी जागा मी तुला आनंदाने सोडते. मी क्युखले तळीन, ते मला एकाच खुणेत येतात.

ता. क. ३. खरं तर हे पहिल्यांदाच लिहायला हवं होतं, पण धीर होत नव्हता. चर्चची खोली आईच्या खिडकीसमोरच आहे. काल व्यायामाच्या वर्गाहून घरी आले तर ती अंधारात खिडकीशी बसलेली. वर्गाबद्दल काही विचारलं नाही. म्हणाली, "आला वाटतं." मी विचारलं, कोण? तर म्हणाली, "दुसऱ्या ओळीत, शब्द मधोमध तोडून श्वास घेणारं गाढव या गावात एकच होतं." भिंतीतून मी सूर शिकले, दादा, तेव्हा तुझा चुकीचा श्वासही त्याच्याबरोबर शिकले असणार. खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं, पण तिचा चेहरा बघून मिटलं. सकाळी तिने लोरेन्झकडून तुझी गादी गच्चीत उन्हाला टाकून घेतली, गारा पडायला लागल्यावर ती आत आणायला त्याला पुन्हा पळवलं, आणि टेबलावर चौथी ताटली मांडायला लावली. जेवताना दोनदा दाराकडे मान वळवली, आणि मग मला म्हणाली, "मी बोलले ते मागे घेत नाही. पण लाजत बसला असेल तिथे, त्याला जेवायला ये म्हणावं."